एडिटर अडखळतोय म्हणून रोप लिहायचा का? आधी नेमकं काय अडखळतंय ते बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रस्टमध्ये स्वतःचा टेक्स्ट एडिटर लिहिताय, सगळा मजकूर एका मोठ्या स्ट्रिंगमध्ये ठेवलाय, ओळींच्या सुरुवातीचे ऑफसेट, म्हणजे फाइलीतल्या जागा, वेगळ्या व्हेक्टरमध्ये आहेत, अनडूसाठी प्रत्येक बदलाआधी स्ट्रिंगचा क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, स्टॅकवर टाकता, आणि १५० एमबीची लॉग फाइल उघडली की प्रत्येक कीस्ट्रोकला अर्धा सेकंद अडखळतं. कुणीतरी सांगितलं रोप वापर (मजकूर तुकड्यांत तोडून ट्रीमध्ये ठेवायची रचना), म्हणून आता विचारताय की स्वतः लिहू की तयार लायब्ररी घेऊ, आणि स्वतः लिहिला तर बायनरी ट्री (एका नोडला दोन फांद्या) की बी-ट्री (एका नोडला अनेक फांद्या).

मी बरीच वर्षं एडिटर आणि टेक्स्ट टूलिंगवर काम करतोय, त्यामुळे उत्तर लांब होणार आहे. पण आधी एक गोष्ट, रोप घेण्याआधी दुखणं कुठलं ते बघा, कारण तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि रोप त्या तिन्हींना सारखं औषध नाही.

पहिलं दुखणं सगळ्यांना माहीत असतं. एकसंध मेमरीतल्या स्ट्रिंगच्या सुरुवातीला एक अक्षर घातलं की मागचं सगळं पुढे सरकवावं लागतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण आजच्या मशीनवर मेमरी सरकवणं हे फार वेगवान काम आहे, सेकंदाला काही जीबी सहज, म्हणजे १५० एमबी सरकवायला काही दहा मिलिसेकंदांच्या घरातला वेळ. जाणवतो, पण तुम्ही लिहिलंय तसं अर्धा सेकंद थांबणं यातून येत नाही.

दुसरं म्हणजे अनडूचा क्लोन, आणि माझा पहिला संशय इथेच आहे. क्लोन म्हणजे नुसती कॉपी नाही, तर १५० एमबी नवी मेमरी मागायची आणि ऑपरेटिंग सिस्टीम ती ४ केबीच्या पानांमध्ये देते, म्हणजे ३८ हजारांच्या वर पानं, आणि त्या प्रत्येक पानाला पहिला हात लागला की पेज फॉल्ट, म्हणजे सिस्टीमला मध्ये पडून ते पान पुरवावं लागतं. ही किंमत मेमरी नुसती सरकवण्यापेक्षा बरीच जास्त असते. वर ४० अनडू झाले की ६ जीबी. त्यानंतर स्वॅप (मेमरी पुरत नाही म्हणून डिस्कचा वापर) सुरू झालं तर कुठलंच डेटा स्ट्रक्चर तुम्हाला वाचवणार नाही.

तिसरं म्हणजे ओळींचा व्हेक्टर. तुम्ही बदलानंतर पुढचे ऑफसेट फक्त वाढवता की अख्खी फाइल परत स्कॅन करता हे प्रश्नात नाहीये, पण स्कॅन करत असाल, आणि तेही बाइटवर नाही तर कॅरॅक्टर इटरेटरने, तर प्रत्येक कीस्ट्रोकला १५० एमबीचं यूटीएफ-८ डिकोडिंग (बाइटमधून कॅरॅक्टर ओळखणं) चाललंय. हे नक्की जाणवणार.

म्हणून आधी प्रोफायलर (कोडचा वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावा. अनडूमध्ये फक्त "इथून इतकं काढलं, इथे हे घातलं" असा बदल ठेवला आणि स्कॅन बंद केला तर शक्यता चांगली आहे की रोप न घेताही एडिटर वापरण्यासारखा होईल. आणि तुमची गरज नुसती लॉग बघणं आणि एखादी ओळ बदलणं एवढीच असेल तर खरंच तिथेच थांबा. पण पूर्ण एडिटर करायचाय, बॅकग्राउंड थ्रेडवर सिंटॅक्स हायलाइटिंग हवंय, मोठ्या फाइली रोजच्या आहेत, तर मग रोप योग्य आहे, फक्त तो कशासाठी योग्य आहे हे नीट समजून घ्या.

रोपची मूळ कल्पना जुनी आहे. बोहम, ॲटकिन्सन आणि प्लास या तिघांचा १९९५ चा पेपर आहे, झेरॉक्स पार्कमधल्या सीडार सिस्टीमच्या अनुभवातून आलेला. मजकुराचे तुकडे ट्रीच्या लीफमध्ये, म्हणजे खालच्या टोकांत, ठेवायचे, आतल्या नोडमध्ये फक्त खालच्या मजकुराची लांबी ठेवायची, आणि दोन स्ट्रिंग जोडायच्या म्हणजे वर एक नवा नोड बसवायचा, कॉपी काहीच नाही. त्या पेपरमधला रोप बायनरी ट्री आहे आणि तोल सांभाळायला फिबोनाची आकड्यांचा नियम आहे, म्हणजे अमुक खोलीच्या ट्रीत किमान तमुक लांबीचा मजकूर असलाच पाहिजे. सगळे ट्यूटोरियल हाच बायनरी प्रकार शिकवतात आणि जोडणी किती स्वस्त आहे यावरच भर देतात.

माझं म्हणणं असं आहे की एडिटरसाठी जोडणी ही रोपची सर्वात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. खरी कमाई दोन ठिकाणी आहे, प्रत्येक नोडवर ठेवलेल्या बेरजा आणि जवळपास फुकट मिळणारे स्नॅपशॉट.

बेरजांचं आधी सांगतो. प्रत्येक नोडमध्ये प्रत्येक चाइल्डबद्दल एक छोटा सारांश ठेवायचा: खाली किती बाइट, किती कॅरॅक्टर, किती न्यूलाइन, किती यूटीएफ-१६ युनिट. आता समजा ५०,००० व्या ओळीवर जायचंय, म्हणजे आधी ४९,९९९ न्यूलाइन ओलांडायच्या. रूटच्या, म्हणजे सर्वात वरच्या नोडच्या, पहिल्या चाइल्डखाली २०,००० न्यूलाइन आहेत, ओलांडा, उरल्या २९,९९९. दुसऱ्याखाली २५,०००, ओलांडा, उरल्या ४,९९९. तिसऱ्याखाली ३०,०००, म्हणजे ओळ याच्या पोटात आहे, खाली उतरा आणि परत तेच. ओलांडताना त्या चाइल्डचे बाइट पण बेरजेत घेत गेलात की खाली पोचेपर्यंत त्या ओळीचा बाइट ऑफसेट आपोआप हातात येतो, कॅरॅक्टर इंडेक्स पण आणि यूटीएफ-१६ ची जागा पण. तुमचा तो वेगळा ओळींचा व्हेक्टर गेला, आणि तो मजकुराशी जुळता ठेवायची कटकट पण गेली, जी माझ्या मते वेगापेक्षा मोठी गोष्ट आहे.

यूटीएफ-१६ कशाला असं वाटेल, तर लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये (एडिटर आणि भाषेची माहिती देणारा सर्व्हर यांच्यातल्या संवादाचे नियम) ओळीतली जागा मुळात यूटीएफ-१६ युनिटमध्ये मोजतात. ३.१७ आवृत्तीपासून दुसरं एन्कोडिंग ठरवून घेता येतं, पण समोरचा सर्व्हर मानेलच असं नाही, त्यामुळे हे रूपांतर करावंच लागतं आणि दर वेळी ओळ मोजत बसण्यापेक्षा ट्रीकडून घेतलेलं बरं.

सारांश म्हणजे फक्त बेरीज असायला हवी असंही नाही. अट एवढीच की डाव्या आणि उजव्या तुकड्याच्या सारांशावरून जोडलेल्या तुकड्याचा सारांश काढता आला पाहिजे, मधला मजकूर परत न वाचता. आडव्या स्क्रोलबारसाठी सर्वात लांब ओळ हवी असते, ती नुसती कमाल ठेवून निघत नाही, कारण ओळ दोन तुकड्यांत विभागलेली असू शकते. डाव्या तुकड्याची शेवटची अर्धी ओळ ४० कॅरॅक्टरची आणि उजव्याची पहिली ३० ची, तर खरी ओळ ७० ची आहे, दोघांच्याही कमालीत ती दिसणार नाही. म्हणून पहिल्या ओळीची लांबी, शेवटच्या ओळीची लांबी आणि कमाल असे तीन आकडे ठेवायचे आणि जोडताना डावी कमाल, उजवी कमाल, आणि डावी शेवटची अधिक उजवी पहिली या तिघांतलं मोठं घ्यायचं. हे एकदा डोक्यात बसलं ना की ट्री हे स्ट्रिंगपेक्षा कितीतरी जास्त कामाचं हत्यार आहे हे कळतं. राफ लेव्हियन यांच्या झाय एडिटरचा रोप याच कल्पनेवर उभा आहे आणि झेड एडिटरचा समट्री पण.

आता बायनरी की बी-ट्री. स्वतः लिहिणार असाल तर बी-ट्रीच, यात मी फार घोळ घालणार नाही. १५० एमबी मजकूर, १ केबीचे लीफ, म्हणजे दीड लाखाच्या आसपास लीफ. एका नोडला १६ चाइल्ड धरले तर १६ चा चौथा घात ६५,५३६ आणि पाचवा १०,४८,५७६, म्हणजे पाच पायऱ्यांत काम होतं, नोड अर्धवट भरलेले असले तर सहा. बायनरीत हेच सतरा-अठरा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी म्हणजे मेमरीत दुसरीकडे उडी, कॅश मिस (डेटा प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत न सापडणं). १६ चाइल्डचे सारांश शेजारी शेजारी असतील तर ते ओळीने वाचणं उडीपेक्षा खूप स्वस्त पडतं. शिवाय बायनरी रोपमध्ये तोल बिघडला आणि ट्री एका बाजूला लांब साखळीसारखा झाला की तो मेमरीतून सोडतानाच रिकर्शनमुळे स्टॅक ओव्हरफ्लो होतो, आणि हा बग टेस्टमध्ये सापडत नाही, मोठ्या फाइलवर सापडतो. बी-ट्रीत सगळे लीफ एकाच खोलीवर असल्यामुळे हा प्रकारच नाही.

एक एक अक्षर टाइप होत असताना प्रत्येक अक्षराला नवा लीफ करू नका हेही आलंच. एका बाइटसाठी चाळीस-पन्नास बाइटचा नोड होतो. लीफमध्ये जागा असेपर्यंत तिथेच घालायचं आणि भरला की दोन करायचे.

स्नॅपशॉट. नोड आर्कमध्ये (रस्टचा, किती जण धरून आहेत ते मोजणारा सामाईक पॉइंटर) ठेवले की रोपचा क्लोन म्हणजे रूटचा रेफरन्स काउंट एकने वाढवणं, फाइल १ केबीची असो की १ जीबीची. त्यानंतर बदल केला तर रूटपासून त्या लीफपर्यंतच्या वाटेवरचे पाच-सहा नोड आणि एक लीफ एवढ्याचीच कॉपी होते, बाकी सगळं दोन्ही प्रतींत सामाईक राहतं. आणि कुणीच दुसरी प्रत धरून ठेवली नसेल तर आर्कचं मेक-म्यूट जागेवरच बदल करतं, कॉपी पण नाही. याचा सर्वात मोठा फायदा थ्रेडिंगमध्ये: फाइल सेव्ह करायची, सर्च चालवायचा, हायलाइटिंग करायचं, त्या थ्रेडला एक क्लोन द्या आणि विसरा, इकडे वापरणारा टाइप करत राहील, लॉक काही नाही. माझ्या अनुभवात एडिटर गुळगुळीत वाटायला लागतो तो यामुळे, इन्सर्ट वेगवान झाल्यामुळे नाही.

पण म्हणून अनडूला प्रत्येक कीस्ट्रोकचा क्लोन ठेवू नका. वाटेवरचे नोड आणि लीफ मिळून कीस्ट्रोकमागे ४ केबीच्या आसपास जुनी मेमरी अडकून राहते, दहा हजार कीस्ट्रोकला ४० एमबी. मरणार नाही तुम्ही, पण एक अक्षर टाइप केल्याचे ४ केबी कशाला द्यायचे. हेलिक्स एडिटर बदल आणि त्याचा उलटा बदल असं जोडीने इतिहासात ठेवतो, तेच करा. यात अनडू झाल्यावर कर्सर कुठे न्यायचा हे पण कळतं, जे नुसत्या स्नॅपशॉटमधून कळत नाही.

आता जिथे रोप त्रास देतो ते, कारण हे कुणी आधी सांगत नाही. मजकूर एकसंध नसतो, त्यामुळे स्ट्रिंग स्लाइस मागणारी प्रत्येक लायब्ररी अडते. रस्टचं नेहमीचं रेगेक्स क्रेट (पॅटर्न शोधणारी लायब्ररी, रस्टमध्ये लायब्ररीला क्रेट म्हणतात) घ्या, त्याला सलग स्लाइसच लागते. अख्खा रोप स्ट्रिंगमध्ये बदलून सर्च केला की आपण परत १५० एमबीच्या कॉपीवर आलो. ओळीपुरताच पॅटर्न असेल तर एक एक ओळ काढून तपासा, अनेक ओळींचा पॅटर्न असेल तर मग बॅकग्राउंडला कॉपी करून करा, ते चालतं, फक्त टाइप करण्याच्या वाटेत नको. ट्री-सिटर (सिंटॅक्स ओळखणारी पार्सर लायब्ररी) मात्र रोपशी छान जुळतो, कारण तो स्वतःच "या बाइटपासूनचा तुकडा दे" असा कॉलबॅक मागतो, तुम्ही लीफ जसाच्या तसा देऊ शकता.

दुसरं, लूपमध्ये क्रमांक देऊन एक एक कॅरॅक्टर मागत बसू नका. प्रत्येक वेळी रूटपासून खाली उतरणं होतं. तुकड्यांवर इटरेटर चालवायचा, नेहमी.

तिसरं, आणि आपल्या लिपीत लिहिणाऱ्यांनी तर हे बघायलाच हवं. "क्षि" घ्या. क, हलन्त, ष, र्‍हस्व वेलांटी असे चार कोड पॉइंट, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १२ बाइट, रस्टच्या दृष्टीने चार कॅरॅक्टर, वाचणाऱ्याच्या दृष्टीने एक अक्षर. लीफची सीमा कोड पॉइंटच्या मध्ये पडू द्यायची नाही हे लायब्ररी सांभाळते, पण हलन्त एका लीफमध्ये आणि ष पुढच्या लीफमध्ये असं होऊ शकतं, आणि ते यूटीएफ-८ म्हणून पूर्ण वैध आहे. आता उजवा बाण दाबल्यावर फक्त चालू लीफ बघून पुढची ग्राफीम (वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर) सीमा शोधलीत तर कर्सर जोडाक्षराच्या पोटात जाऊन बसतो, बॅकस्पेस भलतंच खातो, आणि हे फाइलमध्ये त्या एकाच ठिकाणी होतं म्हणून बग पुन्हा घडवून दाखवता येत नाही. युनिकोड-सेगमेंटेशन क्रेटमध्ये ग्राफीम कर्सर आहे तो याचसाठी आहे, तुकडा संपला की तो मागचा किंवा पुढचा संदर्भ मागतो आणि तुम्ही शेजारचा लीफ द्यायचा. जोडाक्षर हे एकच क्लस्टर धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे क्रेटची आवृत्ती त्याच्या आधीची नाही ना तेवढं बघून घ्या. विंडोजच्या ओळशेवटाचंही तसंच, कॅरेज रिटर्न इकडे आणि लाइन फीड तिकडे पडलं तर दोन ओळी मोजल्या जातात.

मग स्वतः लिहू की तयार घेऊ? शिकायचं असेल तर जरूर लिहा, यापेक्षा चांगला डेटा स्ट्रक्चरचा अभ्यास मला तरी माहीत नाही. पण एडिटर पूर्ण करायचा असेल तर तयार घ्या. रोपी हे क्रेट घ्या, हेलिक्स तेच वापरतो, आतून बी-ट्री आहे, ओळींचा इंडेक्स आणि यूटीएफ-१६ रूपांतर आहे, क्लोन स्वस्त आहे, आणि ताज्या उघडलेल्या फाइलवर मेमरीचा जादा भार १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तुमची १५० एमबीची फाइल १६५ एमबीच्या घरात बसेल. ते कॅरॅक्टर इंडेक्सवर चालतं, बाइट ऑफसेटवर काम करायला आवडत असेल तर क्रॉप बघा. स्वतःचा सारांश घालायचा असेल, ती लांब ओळीची भानगड वगैरे, तर झाय-रोपच्या वळणाचं काहीतरी लागेल. सी++ मध्ये जीसीसीच्या एक्सटेन्शनमध्ये एक रोप मिळतो, एसजीआय कंपनीच्या एसटीएल लायब्ररीमधून आलेला, स्पर्धात्मक प्रोग्रामिंगमध्ये लोक वापरतात, पण त्यात ओळींचा हिशोब नाही, एडिटरसाठी मी तो घेणार नाही.

लिहिलाच स्वतः, तर टेस्टची एक पद्धत सांगतो ती पाळा. शेजारी एक साधी स्ट्रिंग ठेवायची, दोघांवर तेच रँडम इन्सर्ट आणि डिलीट चालवायचे, प्रत्येक पायरीनंतर मजकूर सारखा आहे का, प्रत्येक नोडचा सारांश परत मोजल्यावर जुळतो का, सगळे लीफ एकाच खोलीवर आहेत का हे तपासायचं. आणि टेस्टमध्ये लीफचा आकार १ केबी नाही तर दहा-बारा बाइट ठेवायचा, म्हणजे सगळ्या सीमेवरच्या भानगडी लगेच वर येतात. इन्सर्ट बहुतेक पहिल्या दिवशी जमतो. डिलीटमध्ये दिवस जातात, कारण लीफ फार छोटा झाला की शेजाऱ्यात मिसळायचा, मग वरचा नोड छोटा होतो, आणि कधी कधी रूटला एकच चाइल्ड उरतो.

रोप हा एकच मार्ग आहे असंही नाही हो. इमॅक्स गॅप बफरवर चालतो, कर्सरपाशी रिकामी जागा ठेवायची आणि कर्सर हलला की ती जागा हलवायची, बस्स, आणि मजकूर जेमतेम दोन तुकड्यांत असल्यामुळे सर्च फार वेगवान होतो. व्हीएस कोड आधी ओळींचा ॲरे ठेवायचा, मग ३५ एमबीच्या एका फाइलमध्ये १ कोटी ३७ लाख ओळी निघाल्या आणि तिला ६०० एमबी मेमरी लागली, प्रत्येक ओळीचं वेगळं ऑब्जेक्ट म्हणून, त्यानंतर २०१८ मध्ये त्यांनी पीस टेबल आणि रेड-ब्लॅक ट्री (स्वतःचा तोल सांभाळणारा बायनरी ट्री) असा मेळ घातला. त्यात मूळ फाइल हातच न लावता पडून राहते आणि नवा मजकूर वेगळ्या बफरमध्ये शेवटी जोडला जातो, ट्री फक्त कुठला तुकडा कुठून घ्यायचा ते सांगतो. तुमच्यासारख्या लॉग फाइलीत जिथे ९९ टक्के मजकूर बदलतच नाही तिथे हेही बरोबर बसतं. आणि काम नुसतं लूपमध्ये मोठी स्ट्रिंग तयार करण्याचं असेल तर यातलं काहीच नको, कपॅसिटी आधी देऊन साध्या स्ट्रिंगला जोडत जा. जावास्क्रिप्टमध्ये तर इंजिन स्वतःच आतून हे करतं, क्रोमचं व्ही८ इंजिन लांब स्ट्रिंग जोडताना कॉपी न करता दोन पॉइंटरचा नोड ठेवतं आणि आतलं कॅरॅक्टर मागितलं की मग सपाट करतं.

तेव्हा तुम्ही क्रम असा ठेवा: आज अनडूतला क्लोन काढा आणि ओळींचा स्कॅन तपासा, परत मोजा, मग रोपी घाला. घालताना तुमच्या कोडमध्ये सगळीकडे थेट रोपीचे फंक्शन न बोलवता मध्ये स्वतःचा एक पातळ बफर टाइप ठेवा, इन्सर्ट, डिलीट, ओळ दे, तुकडे दे एवढ्याच गोष्टी असलेला, म्हणजे उद्या पीस टेबल घ्यावंसं वाटलं तर एकच फाइल बदलावी लागेल. आणि रोपी घातल्यावरही एखाद्या ठरावीक फाइलवर अडखळलंच तर त्या फाइलमध्ये एकच अवाढव्य ओळ आहे का ते बघा, मिनिफाइड जेसनमध्ये असते तशी. तिथे बफर दोषी नसतो, ओळ रेंडर करणारा कोड ती अख्खी मोजत बसतो, आणि त्याला दिसणाऱ्या भागापुरताच मजकूर द्यायला शिकवावं लागतं.